एका शब्दाची दुरुस्ती

येल्ले डच संसदेत जाणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. तो गेला नाही, आणि त्याला कारण मी आहे. हे मराठीत लिहितोय, कारण सगळं खरं जर्मनमध्ये लिहायची हिंमत मला झाली नाही.

आमची ओळख रेगेन्सबर्गची. मी पुण्याहून एम.एस. करायला आलेलो, तो नेदरलँड्सहून एका वर्षासाठी. विद्यापीठाच्या दुय्यम फुटबॉल संघात तो गोलकीपर आणि मी राखीव खेळाडूंमधलाही राखीव. खेळायला मिळेना, म्हणून बाकावर बसून मी सामन्यांची वर्णनं लिहू लागलो. माझ्या जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं लिंग चुकायचं. सामना संपला की येल्ले ओल्या केसांनी शेजारी येऊन बसायचा आणि एकेक 'डेर' खोडून 'दास' करायचा. मी फुटबॉल पत्रकार झालो तो असा. मी इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा पुण्याला घरी आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. येल्ले तेव्हा त्याच्या गावच्या नगरपालिकेत नुकताच निवडून आला होता. आपल्या दोघांत भरवशाचा धंदा कुणाचाच नाही, असं तो फोनवर चिडवायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याचा पक्ष त्याला संसदेच्या उमेदवार-यादीत वरचं स्थान, म्हणजे जवळजवळ नक्की जागा, देणार होता. त्याच सुमारास तो एका सामन्यासाठी फ्रँकफर्टला आला आणि मी त्याची मुलाखत घेतली. मी तेव्हा एका लहानशा पाक्षिकात होतो. विषय होता त्याच्या गावचा क्लब, तिथले दंगेखोर प्रेक्षक आणि स्टेडियम वळणावर कसं आणलं ते. दीड तास बोललो, थोडं बारमध्ये, थोडं एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर. येल्ले दमला होता. दमला की त्याच्या जर्मनमध्ये डच मिसळायची.

लिहिताना स्टेडियमच्या एका कोपऱ्याबद्दलचं वाक्य आलं: “त्या कोपऱ्यातले निम्मे लोक डोफ आहेत, त्यांच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलावं लागतं.” जर्मनमध्ये डोफ म्हणजे मठ्ठ. शब्द जरा बोलीतला वाटला, म्हणून मी त्या जागी 'डुम' घातला, म्हणजे सरळ मूर्ख. शुद्ध लिहायची हौस, दुसरं काय. आणि ते वाक्य नेऊन ठेवलं दंगेखोरांच्या परिच्छेदात.

डच वृत्तपत्रांनी नेमकं तेच उचललं. नेता मतदारांना मूर्ख म्हणाला, अशी दोन दिवसांत बोंब झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा अर्थाचं त्याच्याच पक्षातले लोक बोलू लागले. बुधवारी त्याचा फोन आला.

“शेखर, मी खरंच मूर्ख म्हणालो?”

“माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे,” मी म्हणालो.

पुन्हा ऐकून बघतो, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. पत्रकाराचा ताठा. तो म्हणाला, तू लिहिलंयस म्हणजे मी बोललोच असणार. त्याच संध्याकाळी त्याने टीव्हीवर माफी मागितली.

गुरुवारी एका रेडिओवाल्यांना तो तुकडा हवा होता, म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं. त्या वाक्यानंतर गाडीचा खडखडाट होता, आणि त्याखाली येल्लेचा आवाज: त्यांच्यासाठी आम्ही मोठा पडदा लावलाय, 'खेबारन्ताल' दाखवायला. पहिल्या वेळी गाडीच्या आवाजात मी ते सोडून दिलं होतं. आता तो शब्द शोधला. खुणांची भाषा. मग मी डच शब्दकोशात डोफ शोधला. डचमध्ये डोफ म्हणजे बहिरा.

क्लबच्या वेबसाइटवर बाकीचं सापडलं: गावातल्या बहिऱ्यांच्या शाळेची जुनी मुलं त्या कोपऱ्यात बसत. त्यांच्यासाठी केलेल्या कामाबद्दल तो अभिमानाने सांगत होता, आणि मी त्याला जगासमोर तोंडघशी पाडलं होतं.

यादी ठरायची होती शनिवारी. आणि त्याच गुरुवारी मला एका मोठ्या दैनिकातून नोकरीचं पत्र आलं, मुलाखत गाजली म्हणून. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे त्या काळात ते मला कधीही काढू शकत होते, आणि व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. मी हे फक्त कादंबरीला, माझ्या बायकोला, सांगितलं.

“अरे, आधी त्याला फोन कर, मग सही कर,” ती म्हणाली.

मी म्हटलं, प्रोबेत्साइट तेवढी संपू दे. ती पुढे काही बोलली नाही, आणि तो मी होकार धरला. शनिवारी येल्लेचं नाव यादीतून गेलं. पुढे प्रोबेत्साइट संपली. मग आमच्या मुलीचा, ओवीचा, जन्म झाला, मग घर बदललं. बहाणे शोधणाऱ्याला बहाण्यांचा दुष्काळ नसतो. लोक मला निर्भीड पत्रकार म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचो.

गेल्या महिन्यात येल्ले फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला आला. आता तो खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रीचं काम बघतो. दुपारी तिथल्या कँटीनमध्ये भेटलो. बसल्या बसल्या त्यानेच माझी माफी मागितली, माझ्या बोलण्याने तुला अडचणीत टाकलं म्हणून. मला ते सहन होईना. मी फोन काढला आणि ते रेकॉर्डिंग त्याला ऐकवलं.

ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं, तुला हे कधी कळलं?

“त्याच गुरुवारी. यादी ठरायच्या दोन दिवस आधी.”

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता कॉफी ढवळत राहिला.

“खासदारकी गेली, त्याचं दुःख होऊन गेलं,” तो म्हणाला. “पण दोन बिअर प्यायल्यावर मी लोकांना मूर्ख म्हणतो, हे मी स्वतःबद्दल खरं मानलं, शेखर. त्या कोपऱ्यातली माणसं मला अजून सामन्याला बोलावतात. तोंड कसं दाखवू, म्हणून मी जात नाही.”

मी दुरुस्ती छापतो म्हणालो.

“छाप. आणि कधी कळलं, ती तारीखही लिही.”

एवढं बोलून तो त्याच्या स्टॉलकडे गेला. मी त्याची उष्टी कपबशी उचलून ठेवली.

दुरुस्ती जुन्या पाक्षिकात छापून आली. चार ओळी, आतल्या पानावर. डोफचे दोन्ही अर्थ होते, येल्लेचं नाव होतं, माझी दिलगिरी होती. संपादकांनी प्रामाणिकपणाबद्दल माझी पाठ थोपटली. वाचकांची तीन पत्रं आली, तीनही कौतुकाची. त्या चार ओळींत तारीख नव्हती. ती कुणी कापली नाही. मी लिहिलीच नव्हती.