धाकटीचा अर्धा तास

बिघाड: यंत्र चालता चालता मध्येच बंद पडते.

पडलं. घर एकदम इतकं गप्प झालं की सोफ्यावर आडवी झालेली धाकटी ताडकन उठून बसली. खालून सासूबाईंची हाक आलीच. "काय ग, झालं एवढ्यात झाडून?"

झाडतंय कोण! या घरात सून म्हणून आल्यापासून धाकटीला सगळं मिळालं होतं, फक्त कुणी हाक मारणार नाही अशी घटका तेवढी मिळाली नव्हती. मग तिला शोध लागला, की व्हॅक्यूम क्लीनर घरघरत असला की इथे कुणी कुणाला हाक मारत नाही. तेव्हापासून रोज दुपारी ती दार लोटायची, मशीन चालू करायची, नळी वळवळू नये म्हणून तिचं तोंड उशीखाली खुपसायची आणि त्याच उशीवर डोकं टेकायची. खाली सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची धाकटी स्वच्छतेची भारी भोक्ती हो! मशीनला उसंत देत नाही."

उपाय: प्लग नीट बसला आहे का, पाहावे.

पाहिला. बसला होता.

उपाय, जो मशीनच्या पुस्तिकेत छापत नाहीत: खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडावे.

मशीन दोघी जावांत एकच. सकाळी मोठीकडे, दुपारी हिच्याकडे. "आई, ताईंनी पिशवी रिकामी केली नसणार!" धाकटी जिन्यातून ओरडली. "मला मेलं नेहमी तुंबलेलंच मिळतं!"

हे मोठीच्या खोलीत ऐकू जायचंच होतं. गेलं. ती तरातरा आली. मागोमाग सासरे, एका हातात पुस्तिका, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. निवृत्त झाल्यापासून घरात काहीतरी मोडावं म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसलेले असत.

"उघडाच, बाबा," मोठी म्हणाली. "होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

सासरे गालिच्यावर गुडघे टेकून बसले, वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पिशवी झटकली. मोठीचे गळलेले केस. तिच्या मांजराचे केस. तिच्या मुलांच्या पेन्सिलींची टोकं.

"बघा!" धाकटी म्हणाली. "आहे का यात माझं काही?"

जिंकली. आणि आपण काय बोलून बसलो, हेही तिला तेव्हाच कळलं.

"नाही ग," मोठी सावकाश म्हणाली. सासऱ्यांच्या गुडघ्याला चिकटलेली लाल लोकर तिनं चिमटीत धरली. "बसेल त्याला चिकटतो तुझा गालिचा. यात मात्र त्याचा एक धागा नाही."

सासरे पुस्तिकेत बुडालेले. "नळीचं तोंड कशावर दाबून ठेवलं, तर हवा खेळत नाही. मोटर तापते, मशीन आपोआप बंद होतं. पण असा वेडेपणा करणार कोण?"

"कोण करणार!" मोठी म्हणाली. उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता आणि खालून नळी बाहेर आली होती. मोठी गेली आणि त्या उशीवर ऐसपैस बसली.

एव्हाना मशीन निवलं होतं. सासऱ्यांनी फिल्टर झटकून बटण दाबलं, घरघर सुरू झाली. "फिल्टरचाच दोष!" म्हणत ते कृतकृत्य होऊन खाली गेले.

"ताई, आईंना सांगू नका ना," धाकटी काकुळतीला आली.

"वेडी की काय! सांगून माझंच नुकसान करून घेऊ? सरक तिकडे."

दुसऱ्या दिवसापासून दार लोटलेलं, मशीन चालू, नळी मोकळी, आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मोठी. तिला शांतता नकोच होती. एवढ्या घरघरीत सासूबाईंबद्दल घसा फोडून बोलता येतं, हे तिला नव्यानंच उमगलं होतं. "अग, हे तर काहीच नाही, तू यायच्या आधीचं ऐक!"

आठवडाभर धाकटीनं ऐकलं. मग उठली, नळी उचलली आणि गालिच्यावरून, सोफ्याखालून, कपाटामागून, मोठीच्या चपलांभोवती फिरवत सुटली. तोंड गालिच्याला लागलं की मशीन जास्तच किंचाळायचं. तिला तेवढंच हवं होतं. मोठीचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

आणि मशीन चालू असताना आजवर कधीच न आलेली हाक जिन्यातून आली.

"धाकटे, अग आज असलं कसलं ओरडतंय ते? मोडलंबिडलं की काय? थांब, वर येते!"