खळीचा हत्ती

हे कोणी खरं मानणार नाही. मी स्वतः तिथे हजर नसतो तर मीसुद्धा मानलं नसतं. पण भर समुद्रात, एका बोटीवर, मी टॉवेलांचा हत्ती केला, तो चार पायांवर उभा राहिला, चालला, आणि पोहण्याच्या तलावातलं निम्मं पाणी पिऊन आला. मास्तर, हसू नका. तुमच्या दोन शर्टांना अजून इस्त्री व्हायची आहे आणि इस्त्री माझ्या हातात आहे.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. तिन्ही कार्टी मेव्हणीच्या गळ्यात घातली, लाँड्रीला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं सहा दिवस बोटीवर गेलो. पोरांशिवाय पहिल्यांदाच. धक्का दिसेनासा होईपर्यंत बायको हात हलवत होती. मला वाटलं, आता सहा दिवस हेच ऐकायचं, धाकटा जेवला असेल का, थोरलीने गॅस बंद केला असेल का.

तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

खोलीत शिरलो तर पलंगावर हंस. पांढऱ्या टॉवेलचा. मान अशी वळवलेली, जणू आमचीच वाट बघत बसलाय.

"अगं बाई!" बायको दारातच थबकली. "अहो, बघा तरी! काय हात आहे हो!"

काय हात आहे! मास्तर, लग्नाआधीची सात वर्षं धरून तेव्हा बत्तीस वर्षं मी ह्या फळीवर घड्या घालत होतो. कॉलर ताठ, बाह्या पाठीमागे, बटणं एका ओळीत. कोर्टातल्या साहेबांचे कोट इथून जातात. आणि ह्या बाईने माझ्या एका घडीला कधी 'वा' म्हटलं नाही. मीही कधी मागितलं नव्हतं. मला वाटायचं, हिच्याकडे ते नसेलच. काही लोकांच्या घरात नसतो पियानो, तसं. त्या दिवशी कळलं की होतं. अगदी नवंकोरं होतं. फक्त माझ्यासाठी बाहेर काढलेलं नव्हतं.

मग तो हंसवाला दिसला. खोल्या आवरणारा माणूस. तरुण, देखणा असता तर परवडलं असतं. देखण्या माणसाचा राग करता येतो, चार लोक साथही देतात. हा माझ्याच वयाचा, टकला, आणि पोट माझ्याहून दोन बोटं पुढे. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त त्याच्याकडे होतं काय? घडी! माझ्याच धंद्यात मला मागे टाकलेलं. आणि धंदा तरी कसला म्हणायचा तो? मी आयुष्यभर सुरकुत्या घालवल्या, आणि हा बाबा सुरकुत्या पाडून कौतुक करून घेत होता.

दुसऱ्या दिवशी माकड. हँगरला एका हाताने लटकलेलं, आणि नाकावर बायकोचा चष्मा. तोच चष्मा मी एकदा पेपर वाचायला घेतला होता तर "काड्या सैल होतात" म्हणून आठवडाभर ऐकलं होतं. माकडाला मात्र सगळं माफ.

"कलाकार माणूस आहे हो," ती म्हणाली.

झालं. तेव्हापासून तो कलाकार. "कलाकार येऊन गेले का?" "कलाकारांना विचारू या, उद्या काय करणार." मी पंचवीस वर्षं नुसता 'अहो', आणि हा दीड दिवसात कलाकार. घरी फोन लावला तेव्हा समुद्राबद्दल एक अक्षर नाही, माकडाचंच पुराण. धाकट्याने विचारलं, "आई, बाबांना येतं का असं?"

ती हसली. 'नाही' म्हणाली असती तरी मी सोसलं असतं. नुसती हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हत्ती. ती त्याच्या सोंडेवरून हात फिरवून आंघोळीला गेली आणि मी हत्तीसमोर एकटा राहिलो. शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. पण समोर चुरगळलेलं कापड दिसलं की ह्या हातांना माझी परवानगी लागत नाही. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, वरून तळवा. ती बाहेर आली तेव्हा पलंगावर दोन टॉवेल चौकोनी पडले होते, शिवण आतल्या बाजूला.

"हत्ती कुठंय?"

"घडी केली."

"हत्तीची?"

"सवय गं."

पाळलेलं मांजर मी विहिरीत टाकलं असतं तरी तिने असं बघितलं नसतं. "जळता तुम्ही त्या माणसावर. पहिल्या दिवसापासून बघतेय."

बत्तीस वर्षांत मी एक कपडा जाळला नाही हो, मास्तर, आणि ही मला म्हणते जळता!

"जेवायला मी एकटीच जाते," ती चपला घालत म्हणाली. "जसा होता तसा हत्ती उभा करा, मग बसा माझ्या टेबलाशी."

आता मी पण इरेला पेटलो. त्या टकल्याला बोलावून हात जोडले असते तर दोन मिनिटांत हत्ती झाला असता. पण मग 'वा' परत त्याच्याच खात्यात. मी तडक बोटीच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या आचाऱ्याकडून भाताची पेज मागून घेतली, बादलीभर, आणि मस्त घट्ट खळ केली. टकल्याच्या गाडीवरून चौदा टॉवेल उचलले. बुडवले, पिळले, मुडपले, केस वाळवायच्या यंत्राने वाळवले. त्याचा हत्ती बसका होता, फुंकर मारली तर पडेल असा. माझा चारही पायांवर उभा राहिला. खळ इतकी कडक बसली की कान वाजत होते, पत्र्यासारखे.

आणि मग त्याने पाय उचलला.

मास्तर, तोंड मिटा.

दारातून तिरका होऊन बाहेर पडला. बोळात टकला समोरून येत होता, त्याच्या हातातल्या चादरी गळून पडल्या आणि त्याने सलाम ठोकला. मला नाही, हत्तीला. पण हत्ती माझा होता. वर गेला तो थेट तलावाशी. सोंड बुडवली, निम्मा तलाव रिकामा. उथळ बाजूला पोहणारी माणसं कोरड्या फरशीवर हात मारत राहिली. कर्णा वाजला, कप्तान ओरडतोय, "ज्या कोणाचा हत्ती असेल त्याने तो मधोमध उभा करावा, बोट कलतेय!"

"पाण्याने खळ विरघळली नाही?" मास्तरांनी विचारलं.

"दोनदा घातली होती. शिकवण्या घेता आणि एवढं कळत नाही?"

तर हत्ती मधोमध उभा, सगळी बोट भोवती, आणि गर्दी सारून बायको पुढे आली. तिने हत्तीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्या टकल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वा! अहो, वा!"

"खोटं!"

हे मागच्या खोलीतून. बायको कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती, ती पडदा सारून बाहेरच आली. मास्तर बाकावरून अर्धे उठले, "पकडलं ना वहिनी? हत्ती चालला नव्हता ना?"

"हत्तीचं तुमचं तुम्ही बघा, भाऊजी. मी 'वा' म्हटलं हे खोटं. जेवून खोलीत आले तर हे न्हाणीघराच्या फरशीवर, कोपरापर्यंत खळ, आणि पुढ्यात ते काहीतरी. मी विचारलं, 'हे काय, डुक्कर?' तर ह्यांचे डोळे भरून आले. उतरताना हंस, माकड सगळं त्या माणसाला मोजून परत दिलं मी, आणि ते डुक्कर तेवढं कपड्यांत गुंडाळून घरी आणलं, चोरून. पण 'वा'? 'वा' मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. सोंड कुठे होती हो त्याला?"