सकाळीच रंधा मारलेलं दार

फळ्यावर टेकडीचा उतार काढून भूगोलाच्या बाई लक्षणं सांगत होत्या, दरवर्षी सांगत तशीच, अगदी तोंडपाठ. "विस्तृत झीज म्हणजे उतारावरची माती आपल्याच वजनानं खाली सरकणं. कधी धाडकन, तर कधी इतकी हळू की डोळ्यांना कळतही नाही. मग ओळखायची कशी? झाडं बुंध्यापाशी वाकतात. खांब कलतात. भिंतींना तिरक्या भेगा जातात. घरांची दारं अडक..."

खडू तिथंच थांबला. मुलांना वाटलं, बाई विसरल्या. विसरल्या कसल्या, त्यांना नको ते आठवलं होतं. त्यांचं स्वतःचं घर असंच उतारावर होतं, आणि शाळेला निघतानाच त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "अहो, मागचं दार पुन्हा अडकतंय. रंधा मारा जरा."

पुन्हा! जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं आणि स्वतःच्या घरात डोळ्यांवर पट्टी. बाहेर कालपासून पाऊस नुसता कोसळत होता. मागच्या खोलीत, टेकडीला अगदी लागून, सासूबाईंचा पलंग होता आणि गुडघ्यांमुळे त्यांना आधाराशिवाय उठताही येत नसे. अर्ध्या दिवसाची रजा सांगून बाई निघाल्या ते छत्री शाळेतच विसरून.

नवरा सुतार, आणि असातसा नव्हे. त्याच्या हातचं दार कुरकुरलं तर त्याला जेवण गोड लागत नसे. मागच्या खोलीत लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या. "सकाळीच काम उरकलं," म्हणत त्यानं एका बोटानं दार लावून दाखवलं. कडी अलगद बसली.

"पण हे सारखं अडकतं का?" बाईंनी विचारलं.

"पावसात लाकूड फुगतं. एवढंही ठाऊक नाही का, बाई?" चिडवायचं असलं की तो त्यांना शाळेतल्या पोरांसारखं बाई म्हणे.

"मग भर उन्हाळ्यात का अडकलं होतं? तेव्हाही तुम्ही रंधाच मारलात. चौकटीला ओळंबा लावून बघा."

"ती चौकट मी बसवलीय," तो म्हणाला. चेहरा पडला होता. खरं दुखणं तेच. दार अडकलं की दार तासायचं, कारण चौकटीवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या हातावर घ्यायचा.

शेवटी पुटपुटत त्यानं दार उघडलं आणि ओळंब्याची दोरी सोडली. वर लाकडाला लागलेली दोरी खाली चांगली दोन बोटं सुटली होती. दोघांनीही पाहिलं.

"जुनं असेल हे," तो म्हणाला, पण बायकोकडे बघेना. "पाऊस थांबू दे, मग बघू."

"तोवर टेकडी थांबणार आहे का?" बाई म्हणाल्या. "मला भीती वाटतेय हो. आईंना घेऊन आत्ताच वन्संकडे जाऊ. त्यांचं घर तरी सपाटीवर आहे."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "मी कुठं जायची नाही हां. आणि ते दार लावा आधी, गार वारं येतंय."

त्यानं दार ढकललं. ते चौकटीला घासलं आणि थांबलं. त्यानं खांदा लावला. कडी काही बसेना.

सवयीनं त्याचा हात रंध्याकडे गेला. त्यानं रंधा उचलला, आणि तसाच खाली ठेवला. "आत्ता तर लागलं होतं गं," तो म्हणाला.

मग वाद झालाच नाही. त्यानं सरळ आईला पाठुंगळी घेतलं. पाठीवरूनही म्हातारीचा हट्ट चालूच, "अरे, दार तरी लावा." "राहू दे उघडं," म्हणत तो पायऱ्या उतरू लागला.

बाई त्याच्यामागे गेल्या नाहीत. त्या शेजारच्या घराकडे धावल्या आणि दारावर थापा मारू लागल्या. "लवकर बाहेर या, मुलांना घेऊन या."

आतून शेजारणीचा आवाज आला, "येते हो. बाहेरून जरा जोर लावा, बाई. दार अडकतंय."