बऱ्या झालेल्या पायाची काठी

मी एक काठी बोलतेय. अक्रोडाच्या लाकडाची, पितळी मुठीची, खाली रबरी बूट घातलेली. काठीला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मी गेली कित्येक वर्षं भीत भीतच जगले आहे, आणि आज तर माझी गाळण उडाली आहे.

हिवाळ्यात काठाशी गोठणाऱ्या एका अफाट सरोवराच्या कडेला आमचं शहर आहे. तिथल्या अग्निशमन दलाच्या जवानांनी वर्गणी काढून मला विकत घेतलं आणि हॉस्पिटलात लेन ग्राबियेत्सच्या खाटेला टेकवून ठेवलं. कातड्याच्या गोदामाला लागलेल्या आगीत जिना कोसळला होता आणि लेनचा उजवा पाय मोडला होता. त्याला पाठीवर टाकून बाहेर आणलं ते रूबेन टॉलिव्हर या त्याच्या दलातल्या जोडीदारानं. रूबेननं स्वतःचा धुरापासून वाचवणारा मुखवटा काढून लेनच्या तोंडावर चढवला होता. धूर मात्र सगळा स्वतः गिळला.

सुरुवातीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. लेन खरोखर माझ्यावर भार टाकायचा. दुखलं की मूठ आवळायचा, कमी झालं की सैल सोडायचा. मला त्याच्या तळहातावरून त्याचा दिवस कळायचा. शहरानं त्याला अपंगत्वाची पेन्शन दिली होती आणि ती योग्यच होती.

मग एका वसंतात तो धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन तळघरातून वर आला आणि मी खालीच राहिले. त्याची बायको मर्ना दारात उभी होती. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली आणि रडायलाच लागली. मालकाला आपली गरज उरली नाही याचा काठीला आनंद होतो, हे माणसांना ठाऊक नसावं.

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. वॉर्डातले नगरसेवक मॅकनर्नी साहेब स्वयंपाकघरात येऊन बसले. मर्नानं कॉफी आणि खसखशीची पोळी पुढे केली.

"पाय बरा झाला, चांगलं झालं," साहेब म्हणाले. "पण डॉक्टरकडे कशाला पळतोस सांगायला? फेरतपासणीचं मी बघतो. तू फक्त निवडणुकीत चार गल्ल्या सांभाळ."

"पण साहेब, हे बरं दिसतं का?"

"अरे, शहरासाठी जीव द्यायला निघाला होतास ना? मग शहराचं खाल्लंस तर कुणाच्या पोटात दुखणार आहे?"

लेन हसला. त्या दिवसापासून मी आधार राहिले नाही, सोंग झाले.

घरात मी दारामागे लटकायची. दाराची घंटा वाजली की लेन आधी माझ्याकडे धावायचा, मग दाराकडे. गल्लीत अनोळखी गाडी उभी राहिली की पडदा ओढून घ्यायचा. बर्फ पडला की मर्ना एकटी फावडं घेऊन वाट मोकळी करायची आणि हा धिप्पाड माणूस पडद्याआड उभा राहून बघायचा. कुणी पाहिलं तर? एकदा समोरून रूबेन आला, मर्नाच्या हातातून फावडं घेतलं आणि दोन पावलांवर खोकत खाली बसला. धुरानं त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. त्यानं खिडकीकडे पाहिलं, पडदा हललेला त्याला दिसला असणार. मग फावडं मर्नाला परत देऊन तो निघून गेला. त्या वेळी लेनचा हात माझ्यावर होता. बर्फासारखा गार पडला होता.

मग महापौरपदाची निवडणूक आली. इनेझ बारागान नावाच्या बाई विद्यमान महापौरांविरुद्ध उभ्या राहिल्या. शहराच्या पेन्शनच्या तिजोरीला भोकं पडली आहेत, खोट्या लंगड्यांना मी हुडकून काढीन, असं त्या सभासभांतून सांगू लागल्या. लेननं टीव्ही बघणं सोडलं. तो जेवायलाही मला मांडीवर घेऊन बसू लागला.

आणि नेमका रूबेनचा पेन्शनचा अर्ज सुनावणीला आला. पेन्शन मंडळाचं म्हणणं, फुप्फुसं सिगारेटनं गेली. आगीत मुखवटा नव्हता याला पुरावा काय? पुरावा एकच होता, आणि तो पडद्याआड लपून बसला होता.

मॅकनर्नी साहेब पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत. "रूबेनच्या खिडकीत त्या बारागान बाईच्या प्रचाराची पाटी आहे. सुनावणीच्या दिवशी तुला ताप आलाय, समजलास? संध्याकाळी मात्र उतरेल. महापौरांच्या सभेत व्यासपीठावर तुला बसायचंय, काठीसकट."

ते गेल्यावर मर्ना बराच वेळ ओटा पुसत राहिली.

"तू साक्षीला उभा राहिलास तर ते तुझा पाय तपासतील," ती म्हणाली. "घर जाईल, लेन."

"आणि नाही गेलो तर?"

"तर रूबेन जाईल." तिनं फडकं खाली ठेवलं. "कोट इस्त्री करून ठेवते."

सुनावणीच्या खोलीत लेन मला टेकत टेकत शिरला. सवयच तशी झाली होती. त्याच्या तळहाताला इतका घाम होता की माझी मूठ निसटत होती. त्यानं आगीचं सगळं सांगितलं: मुखवटा कुणी काढला, कुणाला घातला. मंडळातल्या एका बाईंनी सहज, सहानुभूतीनंच विचारलं, "तुमच्या पायाची ही अवस्थाही त्याच दिवशीची का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मला वाटलं, तो म्हणणार. भीतीनं माझ्या लाकडातली शीर न् शीर ताठली.

लेननं मला टेबलावर आडवं ठेवलं. "पाय त्याच दिवशी मोडला, बाई. पण तो कधीचाच बरा झालाय. आमच्या नगरसेवकांनी गप्प बसायला सांगितलं आणि मी बसलो. माझा पाय खोटा निघाला म्हणून याची फुप्फुसं खोटी ठरवू नका."

शेजारच्या खुर्चीत रूबेन धापा टाकत होता.

"अरे गाढवा," तो खोकत म्हणाला, "नुसतं मुखवट्याचं सांगून खाली बसायचं होतंस."

रूबेनला पेन्शन मिळाली. लेनची बंद झाली, आणि घेतलेलं सगळं फेडायचा हुकूम आला. घर विकून तो आणि मर्ना दुसऱ्या गावी, मर्नाच्या बहिणीकडे गेले. तिथं तो छपरं शाकारतो, म्हणतात, उघड्यावर, दिवसाढवळ्या.

बारागान बाईंनी माझा आणि लेनचा फोटो पत्रकांवर छापला. महापौर म्हणाले, बघा, आमच्याच मंडळानं चोर पकडला. थोडक्या मतांनी महापौरच निवडून आले. मॅकनर्नी साहेबांना वार्ताहरांनी गाठलं तेव्हा ते म्हणाले, "एका जखमी माणसाला मदत केली, हा गुन्हा असेल तर मी गुन्हेगार आहे." तेही निवडून आले.

आणि मी? लेन मला सुनावणीच्या त्या टेबलावरच सोडून गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी त्याला दोष देत नाही. खोली रिकामी झाल्यावर एका हातानं मला उचललं. तो हात कोरडा होता, जराही थरथरत नव्हता. मॅकनर्नी साहेबांचा.

तेव्हापासून मी त्यांच्या कार्यालयात, कोपऱ्यातल्या छत्र्यांच्या पिंपात उभी आहे. आता पुढची निवडणूक तोंडावर आली आहे. आज सकाळी कचरागाडीचा एक ड्रायव्हर त्यांच्यासमोर येऊन बसला आहे. सरळ माणूस दिसतो. बर्फावर घसरून कंबर लचकली होती, म्हणतो. गोळ्यांनी आराम पडलाय, सोमवारी कामावर जाईन.

"एवढी घाई कशाला?" साहेब म्हणाले. ते उठले आणि कोपऱ्याकडे आले. माझी मूठ त्यांच्या हातात आहे.

मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्यापैकी कुणी त्या बाहेरच्या बाकावर आपली पाळी यायची वाट बघत असेल, तर आत या, काहीही निमित्त काढून या. त्या ड्रायव्हरला सांगा की बाबा, ही काठी एकदा हातात आली की हात कधी कोरडा राहत नाही. सांगा त्याला, ऊठ आणि आपल्या पायांनी घरी जा.

लवकर या. साहेबांनी मला त्याच्यापुढे धरलंय.

"घे तर खरी," ते म्हणताहेत. "नुसती धरून बघ."