बाबांचे रिकामे खिसे

बोटीत माणसं सहा होती: आई, बाबा, आत्या, दादा, मी आणि बोटवाले काका. लाइफ जॅकेटं सात, त्यांतल्या एकाचा पट्टा तुटलेला. पाण्याच्या बाटल्या पाच. डब्यांत उकडलेली अंडी नऊ, काकड्या चार, भाजलेले शेंगदाणे अंदाजे पाव किलो. गोड पदार्थ शून्य. हे शून्य आपोआप आलेलं नव्हतं. त्यासाठी आमचं घर दोन महिने राबलं होतं.

बाबांना मधुमेह आहे आणि गोड दिसलं की त्यांचा हात आपसूक पुढे जातो. इन्सुलिन सुरू झाल्यापासून त्यांच्यावर घरात पहारा होता आणि पहाऱ्याची प्रमुख मी. त्यांच्या साखरेचे आकडे मी वहीत लिहायचे, महिन्याचा आलेख काढायचे. दादा मला 'प्रयोगशाळा' म्हणायचा.

सहलीची हौस आत्याची. कड्यांच्या कडेकडेने दीड तास बोटीने जायचं, टोकाला वळसा घालून पलीकडच्या धक्क्यावर उतरायचं, तिथल्या खानावळीत जेवायचं आणि परतायचं. पाऊस सकाळपासून होता, पण बारीक. काळे कडे सरळ पाण्यात उतरले होते आणि त्यांच्यावरून पांढऱ्या धारा समुद्रात पडत होत्या. मी सतरा धारा मोजल्या, मग धुकं आलं.

साडेबाराला टोक दिसलं. काका म्हणाले, "वीस मिनिटं." मी बाबांचं बोट टोचून थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. एकशे अठरा. इन्सुलिन जेवणाआधी वीस मिनिटं घ्यायचं असतं, म्हणून मी सुई भरली.

"अगं, धक्का तरी लागू दे," आई म्हणाली.

"वेळ म्हणजे वेळ," मी म्हणाले आणि सुई टोचली.

दहा मिनिटांत वारा फिरला. टोकापाशी लाटा खडकांवर आपटून बोटीच्या तिप्पट उंच उडत होत्या. काकांनी बोट वळवली आणि कड्याच्या पोटातल्या एका खोबणीत आणून नांगर टाकला. तिथे मच्छीमारांची एक होडी आधीच थांबली होती. आमच्यात आणि तिच्यात साठेक मीटर पाणी आणि दोन खडक.

"किती वेळ थांबायचं?" मी विचारलं.

"समुद्राच्या मनगटावर घड्याळ नसतं, पोरी. तास लागेल, दोन लागतील."

"मग मागे फिरू या."

"मागे दीड तास, तोही वाऱ्याच्या तोंडावर. नाही जमायचं."

बाबांच्या अंगात इन्सुलिन गेलं होतं. ते आता जेवणाची वाट बघणार नव्हतं. मी त्यांना दाणे खायला लावले. दाण्यांनी, अंड्यांनी साखर पटकन चढत नाही, हे मला माहीत होतं. तरी लावले. साखर सत्तरच्या खाली गेली की धोका.

एक वाजून पाच: चौऱ्याऐंशी. एक वाजून वीस: एकसष्ट.

बाबांचा चेहरा ओला होता. पाऊस की घाम, ते कळेना. मी त्यांच्या कॉलरच्या आत हात घालून पाहिलं. घामच होता.

"काका, तुमच्याकडे काही गोड आहे?"

त्यांनी थर्मास वर केला. "चहा आहे, पण बिनसाखरेचा. आमच्या घरीही एक फौजदारीण आहे."

तेवढ्यात आत्या बाबांकडे सरकली. "अरे, तुझ्याजवळ लिमलेटच्या गोळ्या असतात ना? काढ. आज कोणी काही बोलणार नाही."

बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग रेनकोटाचे दोन्ही खिसे, पिशवीचा कप्पा, चष्म्याची डबी.

"होत्या," ते म्हणाले. "सगळीकडे चार-चार होत्या."

"शर्टातल्या मी काढल्या. सकाळी, इस्त्री करताना," आई म्हणाली.

"रेनकोटातल्या मी," दादा म्हणाला.

"पिशवीतल्या मी," मी म्हणाले.

आत्या चष्म्याच्या डबीकडे बघत राहिली. "मी फक्त ह्यातल्याच घेतल्या रे. म्हटलं, बाकीच्या असतील. आणि... खाल्ल्या मी त्या."

"साखर उतरली तर जवळ असू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं, तीनदा. "हे डॉक्टरांनी सांगितलं की तुमच्या जिभेने?" असं दादाने विचारलं होतं आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते. डॉक्टरांना एक फोन करून विचारायला मला दोन मिनिटं लागली असती.

एक वाजून पस्तीस: अठ्ठेचाळीस. बाबांची जीभ जड झाली होती. ते दादाला काकांच्या नावाने आणि काकांना दादाच्या नावाने हाक मारत होते.

मी समोरच्या होडीकडे बोट दाखवलं. "ते लोक चहा करत असतील ना? त्यांच्याकडे साखर असेल."

"असेल. पण जवळ जायचं तर ह्या खडकांमधून जायला हवं. लाटेने बोटीवर बोट आदळली तर दोन्ही फुटतील." काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तेवढीच निकड आहे का? अंदाज नको मला."

"पंधरा मिनिटांत तेरा उतरलेत. आणखी पंधरा मिनिटांनी ते गिळू शकतील की नाही, मला सांगता येणार नाही. आणि गिळता येत नसेल तर तोंडात काहीच घालता येत नाही."

काकांनी नांगर उचलला.

दादा बांबू घेऊन पुढे उभा राहिला आणि खडक जवळ आला की ढकलू लागला. एकदा बोटीचा तळ कशावर तरी खरडला. आत्याने डोळे मिटले. काकांनी ओरडून काय हवं ते सांगितलं. होडीवरच्या माणसाने प्लास्टिकची पिशवी फेकली. ती आमच्या बोटीच्या काठावर आपटली, फुटली आणि साखर पाण्यात गेली.

"अजून आहे का?" दादा ओरडला.

"डब्याच्या तळाशी थोडी आहे!"

त्यांनी कडीचा डबा काठीला अडकवून पुढे धरला. अंतर तीन मीटर, मग दोन, मग लाट आली आणि पुन्हा चार. दादा काठावरून ओणवा झाला. मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. पुढच्या लाटेला डबा त्याच्या हातात आला आणि काकांनी बोट जोरात मागे घेतली.

डब्यात चारेक चमचे साखर होती. मी आधी बाबांना नुसतं पाणी दिलं. त्यांनी गिळलं. मग थर्मासच्या झाकणात पाणी घेऊन साखर कालवली आणि त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड फिरवलं.

"नको. मला गोड बंद आहे."

"बाबा, मीच देतेय."

"तू वहीत लिहिशील."

"नाही लिहिणार."

"लिहिशील. लाल पेनाने."

त्यांनी दात घट्ट आवळले. आईने झाकण माझ्या हातातून घेतलं. "अहो, तोंड उघडा. आजवर माझ्यापासून लपवून खाल्लंत. आज माझ्या हातून खा."

ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, ओळख पटत नसल्यासारखे. मग त्यांनी तोंड उघडलं. एक घोट, दुसरा, तिसरा. थोडं हनुवटीवरून ओघळलं. आईने ते बोटाने निपटून परत त्यांच्या जिभेवर ठेवलं. झाकण रिकामं झालं तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

काकांनी जुन्या जागी नांगर टाकला. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. आई बाबांचे हात चोळत बसली. "काहीतरी बोलत राहा," असं आत्या त्यांना सांगत होती आणि स्वतःच बोलत होती. दादा घड्याळाकडे बघत नव्हता. मी दुसरीकडे कुठे बघत नव्हते.

मग मी त्यांचं बोट टोचलं. गारठ्याने रक्त येईना. मी बोट मुठीत धरून गरम केलं, मुळापासून दाबत आणलं, तेव्हा थेंब उभा राहिला. आत्याने यंत्रावर छत्री धरली. यंत्राला पाच सेकंद लागतात.

दोन वाजून सहा: एकोणऐंशी.