डब्यातली लोकर

जावयाला नाही म्हणता येत नाही, हे मिस्त्रीचं जुनं दुखणं होतं. दुसऱ्या कुणी तो चकचकीत खोका आणून त्याच्या टेबलावर आपटला असता, तर मिस्त्रीने त्याला खोक्यासकट वाटेला लावलं असतं. पण आला होता जावई. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर चढवलेला काळा गॉगल आणि मागे गॅरेजच्या दारात उभी असलेली ती अवाढव्य पिकअप. तिच्या हौद्यात आजवर सिमेंटची एक गोणीसुद्धा पडली नव्हती.

"मामा, कोल्ड एअर इन्टेक," जावई म्हणाला आणि खोक्याचं झाकण असं हळुवार उचललं, की आत कुणी झोपलं असावं. "संध्याकाळी सगळे पिकअपवाले जमतायत. तोवर तेवढं बसवून द्या. आवाज ऐकाल तर वेडे व्हाल."

मिस्त्रीने खोक्यात डोकावून पाहिलं. घासून लख्ख केलेली जाड नळी, लालभडक शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, आवळायच्या पट्ट्या. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. इंजिनाला हवा लागते हे कंपनीला कळत नव्हतं का? तिने बंद डबा दिलाय, आत कागदी फिल्टर दिलाय, बाहेरून गार हवा ओढायला मडगार्डात तोंड काढून दिलंय. ते सगळं उपटायचं, त्या जागी हा लाल शंकू तापलेल्या इंजिनाला खेटून बसवायचा, आणि वर त्याला म्हणायचं थंड हवा! कशासाठी, तर पाय दाबला की गाडी घशातून हुर्रर्र करते म्हणून. या आवाजाचं वेड लागलेली माणसं मिस्त्रीने पैशाला पासरी पाहिली होती आणि एकालाही त्याने मनातून नमस्कार केला नव्हता.

"जावईबापू, याने गाडी काही जास्त पळत नाही बरं का," तो शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाला.

"ते मलाही ठाऊक आहे हो मामा," जावई हसला. "पण ऐकणाऱ्याला तर वाटतं ना!"

हे मात्र खरं बोलला, असं मिस्त्रीला वाटलं. या माणसाचा सगळा संसारच ऐकणाऱ्यासाठी आणि बघणाऱ्यासाठी मांडलेला होता. घराला पुढून संगमरवर आणि मागून प्लास्टरही नाही. लग्नात मिस्त्रीने ते पाहिलं होतं आणि मूग गिळून गप्प बसला होता. स्थळ मोठं होतं, लेक खूश दिसत होती, मग घराच्या मागच्या भिंतीकडे कोण बघतो?

तेवढ्यात मिस्त्रीची बायको कंप्रेसर बंद करून पुढे आली. गॅरेजातले फिल्टर झटकायचं आणि धुवायचं काम तिच्याकडे होतं. तिने नळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पोर कशी आहे?"

"एकदम मस्त, मामी. वरच्या खोलीत एसी लावून दिलाय. राणीसारखी लोळत असते."

"बरोबर आणायचं होतं की."

"मी काय नाही म्हणतो? तीच येत नाही. चट्टे आहेत ना अंगावर, लाजते लोकांत यायला."

लेकीच्या कोपरांवर, पाठीवर आणि केसांच्या कडेने लाल चट्टे उठून बरेच दिवस झाले होते. त्यांच्या पांढऱ्या खपल्या पडायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा रोग कुणाला लागत नाही, कमी-जास्त होत राहतो, जपायचं. आईने एका जुन्या औषधवाल्याकडून मलम शोधून काढलं होतं. काळं, चिकट, डांबराच्या वासाचं. जावई आला की ती मलमाचा डबा त्याच्या हाती द्यायची. स्वतः घेऊन येते म्हटलं, की कधी त्याच्याकडे रंगकाम निघायचं, कधी पाहुणे यायचे, कधी तो स्वतःच बाहेरगावी असायचा. फोनवर लेक "बरी आहे गं" म्हणायची आणि लगेच ठेवून द्यायची. दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला होता, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

मिस्त्रीने किल्ली खिशात टाकली, बॉनेट उघडलं आणि जुना डबा सोडवायला घेतला. पहिला खटका उघडल्याबरोबर भपकारा आला. मुताचा, कुजक्या कागदाचा, कोंदट. सगळे खटके निघाले, झाकण वर आलं आणि जावयाने मागे उडी मारली.

"शी! शी! मामा, काय आहे ते?"

"उंदीर," मिस्त्री म्हणाला. त्याला जरा बरंच वाटलं. एवढ्या दिमाखाच्या गाडीच्या नाकात उंदरांनी बाळंतपण उरकलं होतं. कागदी फिल्टरचा एक कोपरा कुरतडून चाळणी झालेला, काळ्या लेंड्यांचा थर, आणि मधोमध मुठीएवढं ऊबदार घरटं. त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती.

"फेका ते आधी! मला ओकारी येईल." जावयाने रुमाल नाकाला लावला. "माझ्याच्यानं असलं बघवत नाही. मला किळस फार लवकर येते."

मिस्त्रीने पिल्लं फावड्यावर घेऊन मागच्या गवतात सोडली, पण घरटं टाकलं नाही. नवराबायकोचा एक खेळ होता तो. गाडीच्या डब्यात घरटं निघालं की ते उसकटायचं आणि ती गाडी कुठे मुक्काम करते ते ओळखायचं. उंदीर लांब जात नाहीत, हाताशी मिळेल ते कुरतडून आणतात. शाळेच्या गाडीत रंगीत कागद निघतात, पिठाच्या गिरणीवाल्याच्या गाडीत पोत्याचं सूत. एकदा कुत्र्याला भिणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या डब्यात कुत्र्याचे केस निघाले होते आणि दोघं जेवताना ठसका लागेपर्यंत हसले होते.

"अगं ये, उंदराचा बंगला बघ," त्याने हाक मारली आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने घरटं उलगडलं. वर फिल्टरचा कागद. त्याखाली सुतळी. आणि आत, जिथे पिल्लं निजली होती तिथे, लोकर. मोहरीसारखी पिवळी लोकर, मधून मधून जांभळा धागा.

बायको हसत आली आणि हसू तोंडावरच राहिलं. तिने ती लोकर उचलली आणि नाकाशी नेली.

"मामी, शी! काय करताय!" जावई रुमालातून ओरडला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा एकदा वास घेतला आणि तो पुंजका नवऱ्यापुढे धरला. "मलम," एवढंच म्हणाली.

मिस्त्रीने वास घेतला. उंदराच्या घाणीतूनही डांबर उठून येत होतं. रंग त्याला आधीच ओळखू आला होता. लेक सासरी जायच्या आधी तिच्या आईने ही चादर विणली होती. पिवळी लोकर पुरली नाही म्हणून मिस्त्रीचा जुना जांभळा स्वेटर उसवला होता. त्यावरून तो कितीतरी दिवस कुरकुरत होता.

पहिल्यांदा त्याला वाटलं, चादर टाकून दिली असेल. जुनी झाली, डाग पडले, फेकली शेडमध्ये कोपऱ्यात. माणसं टाकतात. पण टाकलेल्या चादरीला असा ओल्या मलमाचा वास येत नाही. ती कुणीतरी रोज अंगावर घेत होतं. आणि लोकरीच्या चार धाग्यांसाठी उंदीर वरच्या खोलीचे जिने चढत नाहीत.

"जावईबापू," मिस्त्री म्हणाला, "गाडी रात्री कुठे लावता?"

"शेडमध्ये. मागच्या. का?"

"शेडमध्ये आणखी काय असतं?"

"काय असणार? टायर, रंगाचे डबे, सटरफटर." जावयाने रुमाल खिशात घातला. "मामा, उशीर होतोय."

"आणि माझी पोर?" बायकोने विचारलं.

जावई नळीच्या खोक्याकडे, मग रस्त्याकडे बघत राहिला. आता हा शपथा घेईल, असं मिस्त्रीला वाटलं. त्याने शपथ घेतली असती तर बरं झालं असतं. पण जावई जवळ आला आणि आवाज खाली आणून, समजूतदार माणसाशी बोलावं तसा बोलू लागला.

"हे बघा, तुम्ही घरचे आहात, तुमच्यापासून काय लपवायचं? शेड म्हणजे काही उघडं नाही ते. पत्रा आहे, दिवा आहे, पंखा लावून दिलाय. माझ्याकडे मोठमोठी माणसं येतात हो. सोफ्यावर खपल्या, उशीवर खपल्या, आणि त्या मलमाचा वास सगळ्या घरभर. मी नवरा असलो तरी माणूसच आहे ना? खोटं कशाला बोलू, मला किळस येते. तिला सांगितलं, तिलाही पटलं. भांडण नाही, तंटा नाही. जेवण वेळेवर जातं."

जेवण जातं! आयुष्यभर मिस्त्रीने घाणीत हात घातले होते. सडलेलं पाणी, जळकं तेल, एकदा तर पंख्यात अडकून मेलेलं मांजर, आणि नंतर त्याच हातांनी साबण लावून भाकरी खाल्ली होती. पण समोर उभ्या असलेल्या या धुतल्या-पुसल्या, अत्तर लावलेल्या माणसाकडे त्याला बघवेना. त्यानेच पाय धुवायला पाणी दिलं होतं याला. पाटावर बसवलं होतं. गेल्या खेपेला याच्या गाडीचे ब्रेक करून दिले होते आणि वर मलमाचा डबा देऊन हा आपल्या पोरीला सांभाळतो म्हणून मनात हात जोडले होते.

"तुला किळस येते होय रे," मिस्त्री म्हणाला. जावयाला त्याने अरे-तुरे कधीच केलं नव्हतं. "येऊ दे. बस इथे आणि घे हवी तेवढी."

"मामा, तुम्ही चिडू नका..."

"अहो, चला," बायको म्हणाली. ती केव्हाच गॅरेजच्या जुन्या टेम्पोत जाऊन बसली होती.

"अहो पण माझी गाडी! जोडून तरी द्या! किल्ली कुठाय?"

"राहू दे तशीच उघडी," मिस्त्री टेम्पोत चढत म्हणाला. "तिला थंड हवा पाहिजे होती ना, आता खाऊ दे."

वाटेत दोघांना बोलायचं होतं ते एकमेकांना दोष देण्यासारखंच होतं आणि दोष सारखाच वाटून घ्यावा लागला असता. जावयाच्या घराला फाटक होतं, त्याला कडी नव्हती. संगमरवरी पायऱ्या डावीकडे टाकून मिस्त्रीने टेम्पो थेट मागे नेला. तिथे न गिलावलेल्या विटांच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड होती. अर्ध्या भागात पिकअपच्या चाकांचे आणि तेलाचे डाग पडलेले. उरलेल्या अर्ध्या भागात दोरीवर एक जुना पडदा टाकलेला.

टेम्पो थांबल्याबरोबर पडद्यामागे काहीतरी सरकलं. मग आवाज आला, स्वच्छ आणि सरावलेला.

"साहेब घरी नाहीत. संध्याकाळी या."

आईने तोंडावर हात घेतला. पोरीचा आवाज तिला ओळखू आला होता, पण बोलण्याचा तो ढंग मोलकरणीचा होता. बाहेर कोण आलंय हे बघायचंही तिला बंद केलेलं होतं.

"अगं, आम्ही आहोत," मिस्त्री म्हणाला. "आई आणि बाबा."

पडदा लगेच हलला नाही. आईनेच जाऊन तो दोरीसकट खाली ओढला. पत्र्याखाली खाट, रंगाच्या डब्यावर ठेवलेला पाण्याचा तांब्या, आणि पिवळी-जांभळी चादर गळ्यापर्यंत ओढून उभी असलेली लेक. हडकली होती. चट्टे आता मानेवर चढले होते.

"तुम्ही का आलात?" ती घाबरून म्हणाली. "त्यांना विचारलंत?"

"विचारलं," मिस्त्री म्हणाला. "चल, तुझं काय आहे ते घे."

फारसं काही नव्हतंच. कपड्यांची एक पिशवी आणि मलमाचे डबे. एकही डबा फुकट गेला नव्हता, सगळे घासूनपुसून रिकामे केलेले होते. आई तिचा दंड धरायला गेली तर तिने अंग चोरून घेतलं. "नको गं, हाताला लागेल तुझ्या." आईने तरीही धरला आणि सोडला नाही. कुणीतरी घराच्या खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. बाहेर कुणीच आलं नाही.

मिस्त्री गाडी सुरू करून वाट पाहत होता. त्याला पाठीमागे खडखड ऐकू आली म्हणून त्याने वळून पाहिलं. लेकीने पिशवी हौद्यात टाकली होती आणि चाकावर पाय देऊन ती स्वतःही मागे चढत होती, टायर आणि ग्रीसच्या डब्यांमध्ये. कुणी सांगितलं नव्हतं. तिला तीच जागा ठाऊक होती.

"अगं, मागे कुठे?" तो खाली उतरला. "पुढे ये. आपली गाडी आहे."

"सीटला डाग पडतील, बाबा."

त्या टेम्पोच्या सीटवर कसला डाग नव्हता? फाटलेल्या रेग्झिनमधून स्पंज बाहेर आला होता, त्यावर वर्षानुवर्षांचं तेल मुरलं होतं. मिस्त्रीने तिला कमरेला धरून खाली घेतलं, लहानपणी घ्यायचा तसं, आणि पुढे नेऊन आईच्या आणि आपल्या मध्ये बसवलं. तिने चादर आवळून अंगाभोवती घेतली आणि कुणाला धक्का लागू नये म्हणून कोपर पोटाशी धरले. आईने तिला जवळ ओढलं. मिस्त्री गाडी हळू चालवत होता, खड्डे चुकवत होता, टेक आता, म्हणून दोनदा सांगूनही झालं. घरापर्यंत लेकीने पाठ टेकवली नाही.