पेटीतली ऊब

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. दागिन्यांची नव्हे, कपड्यांचीही नव्हे. कोकोच्या बिया आंबवायची. तुमचं चॉकलेट माझ्या पोटात जन्म घेतं, आणि मला मात्र आजवर त्याचा कणही चाखता आलेला नाही. असो. देवाने ज्याला जे काम दिलं, ते त्याने गोड मानावं.

बाबा, म्हणजे या घरातले म्हातारे, कोकोची फळं तोडून फोडायचे. पांढऱ्या गरातल्या ओल्या बिया माझ्यात ओतून वर केळीची पानं अंथरायचे. माझ्या भेगांत डोळ्यांना न दिसणारे इवले जीव पिढ्यान्‌पिढ्या राहायचे. ते गर खात, बिया तापत, इतक्या की आत हात ठेववत नसे. सहा दिवसांत तुरटपणा जाई. मग उन्हात वाळवणं. पुढे थोरला मुलगा त्या भाजी, सालं पाखडी, साखर घालून दळी आणि साच्यात वड्या पाडी.

मला कधी कुणी धुतलं नव्हतं. का, ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. रीत होती, इतकंच.

"अगंबाई, काय हा वास!" नवी सून म्हणाली होती.

"नाक मुरडू नकोस, सूनबाई. ही आंबट घाणच पुढं गोड लागते."

बाबा लेकीकडे गेले, तेव्हा या गुणी सुनेने त्यांना बरं वाटावं म्हणून पदर खोचून मला कढत पाण्याने, साबणाने घासून काढलं. माझे इवले बिऱ्हाडकरू वाहून गेले. मी ओरडू तरी कशी?

परतल्यावर बाबा म्हणाले, "पेटी आहे की आरसा!" पोरगी लाजली.

पुढच्या बिया तिसऱ्या दिवशीही कोमटच होत्या. "हवाच गार दिसते," म्हणत बाबांनी माझ्यावर गोणपाट पांघरलं. गोणपाटाने काय होणार!

महिन्याने थोरला वडी घेऊन तरातरा आला. "बाबा, कच्ची फळं तोडलीत तुम्ही! जीभ आखडली माझी."

"चांगली पिवळी बघून तोडली होती रे."

"तुम्हाला आता पिवळं काय नि हिरवं काय! चष्मा तरी पुसता का कधी?"

"अहो, असं काय बोलता?" सून कळवळली. "वय झालंय त्यांचं."

ती मायेने बोलली, आणि तेच बाबांना जास्त लागलं. त्यांनी चाळीस वर्षांची कोयती मुलापुढे ठेवली. "नसेल दिसत मला."

आता ते दिवसभर माझ्या काठाला टेकून बसतात. झाडांकडे जात नाहीत.

फळं पिकलेली होती, मित्रांनो! एकूण एक. माझ्या पोटात होती, मला नाही तर कुणाला ठाऊक? पण लाकडाला तोंड नाही. तुम्हाला आहे. म्हणून विनवते: जुन्या वस्तूला घासण्याआधी आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम सुटण्याआधी, जरा थांबा, विचारा.

बिया तापल्या होत्या का, हे बाबांना अजून कुणी विचारलेलं नाही.